दुसरी भाकरी

"छबूमावशी, हात धुवा. आज तुमी चुलीपुढं बसायचं न्हाई."

रंभाजीअण्णाने स्वयंपाकघराच्या दारातून हे सांगितलं, तेव्हा छबूबाईने काटवटीत पीठ घेऊन मधोमध आळं केलं होतं आणि त्यात पाणीही ओतलं होतं. जेवत्या ताटावरून आणि भिजत्या पिठावरून माणसाला उठवू नये, एवढी रीत खानावळीच्या मालकाला तरी कळायला हवी. पण अण्णा छबूबाईकडे बघतच नव्हता. तो बघत होता वरच्या धुरकट तुळईकडे. काय बोलायचं ते तिथे लिहून ठेवलं असावं.

"मग कुटं बसू? तुमच्या गल्ल्यावर?"

"पुढं बसा. जेवनाच्या दालनात, पाटावर. गिऱ्हाईक म्हनून."

वाढपी बन्सी पाण्याचे तांबे भरत होता. त्याच्या हातून एक तांब्या निसटला आणि ठणठणत मोरीपर्यंत गेला. भाकरीवाली बाई पुढे पाटावर बसल्याचं त्याने कधी पाहिलं नव्हतं, आणि अण्णाने शुद्धीवर असताना असलं काही बोलल्याचंही.

मागच्या दाराशी एक बाई उभी होती. तिशीची, उन्हाने वाळलेली, पदर कमरेला घट्ट खोचलेला. खडी फोडून हातांना भेगा पडलेल्या. टायरच्या चपला तिने उंबऱ्याबाहेर उन्हातच काढल्या होत्या. दाराजवळ सावलीत एक दगडी कोनाडा होता, पण त्यात छबूबाईच्या चपला होत्या आणि त्या कोनाड्यात एकच जोड मावत असे.

"ही चांगुणा," अण्णा म्हणाला. "पाथर्डीकडची. दुष्काळी कामावर हाय. आज भाकऱ्या ही थापील. तुमी पुढं बसून खायाच्या. तुमी दुसरी भाकरी मागितली, तर हिला ठिवू. न्हाई मागितली, तर ही सांजच्याला आपल्या खडीवर माघारी, आन तुमी हायेतच."

"आन मी दुसरी मागितली तर माजं काय?"

अण्णाने पुन्हा तुळईचा आसरा घेतला. "नेवाशाला लेकीकडं जायाचं म्हनत हुता न्हवं तुमी?"

"मी न्हवते म्हनत. तुमीच म्हनत हुता, दोन म्हयने झालं."

खरं तर अण्णा वाईट माणूस नव्हता. छबूबाईचं उजवं मनगट दिवाळीपासून सुजलेलं होतं. लसणाचं तेल झालं, शेक झाला, कँपातल्या डॉक्टरची पांढरी गोळी झाली; सूज काही हलेना. गेल्या महिन्यात तर भाकरी तव्यावर टाकताना दोनदा तिच्या हातातच फाटली होती. अण्णाला हे दिसत होतं. पण त्याच्या आईने, गोजरबाईने, मरताना त्याचा हात धरून सांगितलं होतं, की छबूला कधी 'जा' म्हणू नकोस. म्हणून त्याने चार रात्री विचार करून ही युक्ती काढली होती. सापही मरावा आणि काठीही मोडू नये. 'जा' तो म्हणणार नव्हता. ते छबूबाईने स्वतःलाच म्हणायचं होतं.

छबूबाईला हे सगळं कळलं. सव्वीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईला धूर कुठून येतो ते कळतं. काटवट तिने पायाने हळूच पुढे सरकवली आणि ती उठली. मनात म्हणाली, ठीक आहे. एकच खाईन, पाणी पिईन, उठेन. दुसरीचं नाव काढणार नाही.

जावयाच्या दारात जाऊन बसण्यापेक्षा ते परवडलं. लेक लंका गुणाची होती, पण तिच्या घरी चूल तिच्या सासूची होती. तिथे छबूबाईने दिवसभर करायचं काय? भिंतीला टेकून बसायचं आणि विचारलं की 'झालं माझं' म्हणायचं.

चांगुणा चुलीपुढे बसली. पिठाला बोट लावून तिने ते चोळून पाहिलं, आणि दबकत विचारलं, "मावशी, आधन कशात ठिवू?"

"भाकरीला आधन? चा करतीस का भाकरी?"

"ह्यो लाल मिलो हाय मावशी. गार पान्याला बधत न्हाई त्यो. इरी न्हाई त्याच्यात. उकळतं पानी घातलं की मऊ पडतोय."

हे छबूबाईला ठाऊक नव्हतं असं नाही. जुन्या पिठाची विरी, त्याचा चिकटपणा, गेला की गावोगावच्या बाया तेच करत. पण आधणाची भाकरी ही लंगड्या पिठाची भाकरी, आपल्या खानावळीत ती होत नाही, असं गोजरबाई म्हणत असे आणि छबूबाई तेच धरून बसली होती. अण्णाची साठवलेली ज्वारी गेल्या आठवड्यापर्यंत पुरली. साल त्र्याहत्तर, चैत्र सरत आलेला. आता सगळ्या जिल्ह्यासारखी खानावळही रेशनच्या लाल मिलोवर, अमेरिकेहून आलेल्या ज्वारीवर, आली होती. आणि आठवडाभर फाटणाऱ्या भाकरीचा दोष छबूबाईने अर्धा मनगटाला आणि अर्धा अमेरिकेला दिला होता.

"कर तुला करायचं तसं," ती म्हणाली. आणि जाता जाता, विचारायचं नव्हतं तरी विचारलं, "पोरंबाळं?"

"दोन पोरी हायेत. सासूपाशी ठिवून आले, कामावरच्या पालात. हितं जमलं तर आनीन." मग चांगुणा मान खाली घालून राख सारखी करू लागली.

नगरात त्या खानावळीला नुसतं 'सराई' म्हणत. निजामशाहीत कधीतरी वाटसरूंसाठी बांधलेली काळ्या दगडाची इमारत. घोडे गेले, उंट गेले, भिंतीतल्या लोखंडी कड्या तेवढ्या राहिल्या. दोन्ही अंगांच्या माडीवर मुक्कामाच्या सहा खोल्या, मधे घुमटाचं दालन, आणि दालनामागे हातभर जाडीच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. कोर्टात तारीख असलेले, कचेरीत खेटे घालणारे, कँपातले, बाजाराला आलेले, सगळे तिथे जेवत.

तिथे जेवणारा माणूस तोंडाने भाकरी मागत नसे. डाव्या हाताने पितळी वाटी उचलायची आणि खालच्या दगडावर दोनदा टेकवायची. टक्, टक्. भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून तो आवाज थेट चुलीपाशी येई. पूर्वी म्हणे इथे पठाण उतरायचे, कानडी उतरायचे, अरबी घोडेवाले उतरायचे. एकाची बोली दुसऱ्याला कळेना; भूक मात्र सगळ्यांना कळायची. म्हणून ही रीत पडली. खरं-खोटं त्या घुमटाला माहीत.

छबूबाई या टोल्यांवरून माणसं ओळखायची. एक होता टपटप्या. तो हलके हलके तीनदा वाजवायचा. एक होता अंगठीवाला, त्याची वाटी किणकिणायची. आणि एक होता हातोड्या. त्याच्यावर तिचा दात होता. दोन टोल्यांची रीत असताना हा एकच टोला घाली, पण असा की चुलीवरचं झाकण हलावं. कुठला मेला सरदार लागून गेलाय, असं ती म्हणायची. आठ वर्षं ती बन्सीला सांगत आली होती, "त्या हातोड्याला दुरडीतली तळाची दे. तव्यावरची न्हाई मिळायची त्याला." बन्सी तळाची भाकरी काढायचा आणि काही न बोलता घेऊन जायचा.

या माणसांची तोंडं मात्र तिने कधी पाहिली नव्हती. स्वयंपाकातल्या बायांनी पंगत चालू असताना पुढे यायचं नाही, हा गोजरबाईचा नियम. छबूबाई पहाटे मागच्या दाराने यायची आणि मागच्याच दाराने जायची. पाडव्याला दालनाला चुना देत, तेव्हा एक-दोनदा ती तिथे डोकावली होती. रिकामी सराई तिने पाहिली होती. जेवती सराई कधीच नाही.

दुपारचे बारा वाजले. बन्सीने मधलं बुटकं दार उघडून धरलं. "या मावशी. खांबापाशी पाट मांडलाय तुमचा."

छबूबाई वाकून पलीकडे गेली, सरळ झाली, आणि उभीच राहिली.

बाहेर असं ऊन, की कौलं तडकावीत. आणि इथे पायाखाली माठासारखा गार दगड. वर घुमट इतका उंच, की बघता बघता तिच्या डोक्यावरचा पदर घसरला. घुमटाच्या माथ्याला गोल झरोका होता आणि त्यातून उन्हाचा एकच सरळ झोत खाली उतरला होता. झोतात भाकरीच्या पिठाची धूळ तरंगत होती. तिच्याच स्वयंपाकघरातली धूळ. आणि खाली, काळ्याभोर फरशीवर, दोन्ही बाजूंना ओळीने माणसं मांडी घालून बसलेली. फेटे होते, टोप्या होत्या, उघडी डोकी होती, कडेला लेकराला मांडीवर घेतलेल्या दोन बायाही होत्या. सगळे खाली माना घालून जेवत होते. बोलणं फारसं नव्हतंच. देवळात माणसं जशी आपोआप हळू बोलतात, तशी इथे ती आपोआप हळू जेवत होती.

'अगं बाई,' छबूबाई मनात म्हणाली, 'एवढी माणसं?' तिने आजवर पिठाचे उंडे मोजले होते, भाकऱ्या मोजल्या होत्या. त्या भाकऱ्यांची एवढी तोंडं असतील, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ती खांबाजवळच्या पाटावर टेकली. खांबात घोड्याची कडी होती. बन्सीने समोर ताट ठेवलं: हुलग्याची आमटी, पिठलं, लसणाची चटणी, फोडलेला कांदा, गुळाचा खडा, आणि आमटीच्या वाटीशेजारी एक रिकामी पितळी वाटी. टोल्याची.

आणि तेवढ्यात वरून आवाज आला.

थप्, थप्, थप्, थप्.

छबूबाईने दचकून वर पाहिलं. आवाज घुमटातून येत होता. चांगुणाने पलीकडे भाकरी थापायला घेतली होती. तो आवाज झरोक्यातून वर चढत होता, घुमटात गोल फिरत होता आणि सगळ्या दालनावर हळूहळू उतरत होता. चुलीपुढे बसलं की तो नुसता पिठावर हात पडल्याचा आवाज असतो. इथे अख्खी इमारत भाकरी थापत होती.

"बन्सी," तिने हाक मारली. "माजं बी आसंच वाजायचं?"

"आसंच म्हंजी? ह्याच्यापरास लई ग्वाड वाजायचं मावशी. नवं गिऱ्हाईक वर बघत बसतंय. म्हनतंय, सराईच थापतीया का काय."

"मला कदी बोल्ला न्हाईस ते?"

"तुमी इचारलंच न्हाई कदी."

सव्वीस वर्षं. रोजच्या दोनशे-अडीचशे भाकऱ्या. रखमाजी, तिचा नवरा, टांगा चालवायचा, तो गेला त्याच्या चौदाव्या दिवशीही ती चुलीपुढे येऊन बसली होती आणि रडायला जागा नाही म्हणून जोरात थापत राहिली होती. ते सगळं इथे ऐकू येत होतं? त्या दिवशीही माणसं इथे बसून ते ऐकत जेवली होती? तिला लाजल्यासारखं झालं आणि त्याच वेळी ऊर भरून आला.

समोरच्या ओळीत एक म्हातारा बसला होता. काळी टोपी, कोटाच्या खिशात दोन पेनं. वकिलाचा कारकून असावा. त्याने वाटी उचलली आणि हलके हलके तीनदा टेकवली. टपटप्या! छबूबाईला हसू आलं. तिने मनात हा माणूस गोलमटोल, मिशीवाला रंगवला होता. हा तर पाप्याचं पितर निघाला.

टपटप्या भाकरीची वाट बघत होता. एकाएकी त्याने मान तिरकी केली आणि कान वर लावला.

"बन्सी, आज हात दुसरा हाय का रे?"

बन्सीने चोरट्या नजरेने छबूबाईकडे पाहिलं. तिने मान हलवून त्याला गप्प केलं.

"व्हय, दुसरा हाय," बन्सी म्हणाला.

"तरीच. वीस वरसं ऐकतोय मी. आदीच्या हाताला घाई न्हवती." म्हाताऱ्याने कांद्याची फोड उचलली. "बरी हाय ना ती बाई?"

"बरी हाय."

"मग झालं," म्हातारा म्हणाला आणि जेवू लागला.

छबूबाईने पदराने तोंड झाकलं. ज्याचा चेहरा तिने आज पहिल्यांदा पाहिला, त्या माणसाला ती वीस वर्षं ओळखीची होती. तीन हातांवर ती बसलेली होती आणि तिची खबर तो भिंतीपलीकडची म्हणून विचारत होता. डोळे पुसावेत की नाही, हेही तिला कळेना. पुढे बसलेल्या गिऱ्हाइकाने रडायची रीत आहे की नाही, कोण जाणे.

ठाण्!

एकच टोला. छबूबाईच्या कपाळावर सवयीने आठी आली. हातोड्या! आता तोंड बघूनच घेऊ मेल्याचं, म्हणून ती वळली.

दाराकडच्या पाटावर एक मध्यमवयाचा माणूस बसला होता. बारीक कापलेले केस, खाकी सदरा, ताठ पाठ. सदऱ्याची उजवी बाही कोपरापासून दुमडून टाचणीने टाचलेली होती. आत हात नव्हता. तो डाव्या हाताने जेवत होता आणि त्याच खरकट्या हाताने त्याने वाटी उचलली होती. आमटीने ओली वाटी बोटांत ठरली नाही आणि निसटून दगडावर पडली. तोच तो टोला. वाटी घरंगळू नये म्हणून तो ती आता गुडघ्याने अडवत होता.

"बन्सी," छबूबाईने बन्सीला जवळ बोलावलं. "त्यो कोन?"

"फौजी हाय. पासष्टच्या लढाईत हात गेला. कँपात हापिसात असतोय."

"तवापास्नं येतोय?"

"तवापास्नं. तुमच्या तळाच्या भाकरीचा धनी." बन्सीला टोमणा मारायचा नव्हता, पण तो बसलाच. "गार भाकरी एका हातानं मोडत न्हाई मावशी. वातड हुतीया. मी बसून मोडून देतो त्याला."

छबूबाईने खांबातली कडी धरली. आठ वर्षं. कुठला सरदार लागून गेलाय, असं ती रोज म्हणत होती. आणि हा माणूस इथे बसून, दुसऱ्याने मोडून दिलेले भाकरीचे तुकडे लेकरासारखे खात होता. एकदाही त्याने गरम का येत नाही म्हणून विचारलं नव्हतं. तिला वाटलं, या थंडगार दगडाने आपल्याला पोटात घ्यावं.

झरोक्यातून भाकरी आली. चांगुणाला तळाची-वरची काही माहीत नव्हतं. टोला ऐकला आणि तव्यावरची भाकरी तिने सरळ झरोक्यात ठेवली. बन्सीने ती फौजीच्या ताटात वाढली आणि सवयीने त्याच्यापुढे मोडायला बसला.

फौजीने त्याला थांबवलं. भाकरीतून वाफ निघत होती. त्याने तळहाताच्या बुडाने भाकरीची कड दाबून धरली, बोटं पापुद्र्यात घातली आणि ओढली. भाकरी मोडली. त्या तुकड्याकडे त्याने क्षणभर पाहिलं, मग तो आमटीत बुडवून तोंडात घातला आणि बन्सीला हाताने खूण केली, की तू जा. मोडतोय मी.

बन्सी उठला. त्याला स्वतःच्या हातांचं काय करावं ते कळेना.

मग छबूबाईच्या ताटात तिची भाकरी पडली.

तिने आधी डोळ्यांनी पाहिली. भाकरीवर चार बोटांचे वळ होते. खडी फोडून बोटं ताठ झाली की असे वळ उठतात. कड थोडी जाड. आकार गोल, पण सराईच्या भाकरीपेक्षा दोन बोटं लहान. खोड काढायला भरपूर जागा होती. अण्णाने विचारलं असतं तर तिथल्या तिथे तीन दोष दाखवता आले असते आणि तिन्ही खरे असते.

पण भाकरी फाटलेली नव्हती. लाल मिलोची भाकरी, आणि कुठेही चीर नाही.

तिने तुकडा मोडला. बोटांना चटका बसला. तो चटका तिच्या ओळखीचा होता. पण ती बोटं तिथे थांबली नाहीत, तोंडाकडे गेली. आणि छबूबाई चावायचं विसरली.

नऊ वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून भाकरी तीच करत आली. बापाच्या घरी, सासरी, बाळंतपणात बाराव्या दिवसापासून, आणि मग इथे. सगळ्यांचं झालं की काटवट खरवडून निघालेल्या पिठाची शेवटची, सगळ्यात लहान भाकरी तिची. तीही भांडी घासून झाल्यावर, गार. गरम भाकरी कशी असते ते तिला बोटांनी माहीत होतं, जिभेने नव्हतं. पन्नास वर्षांत तिच्यासाठी कुणी भाकरी थापली नव्हती, आणि थापली नाही हे कधी तिच्या मनातही आलं नव्हतं.

तिने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. लसणाची चटणी लागली, गुळाचा खडा फुटला. वर घुमटात थप् थप् चालू होतं. कुणीतरी तिच्याचसाठी थापतंय, असं वाटत होतं. ही काय माया आहे, तिला वाटलं. एवढी सोपी गोष्ट, आणि एवढी मोठी. हे आपण रोज दोनशे माणसांना देत होतो?

ताट रिकामं झालं.

गल्ल्यावरून रंभाजीअण्णा बघत होता. तो पुढे आला नाही, खाकरलाही नाही. छबूबाईने पाण्याचा तांब्या उचलला. ठरल्याप्रमाणे आता पाणी प्यायचं आणि उठायचं. उद्या पहाटे मागच्या दाराने यायचं, चपला कोनाड्यात ठेवायच्या, चुलीपुढे बसायचं. हात आहे तोवर आहे. फाटली भाकरी तर फाटली. आणि पालात दोन पोरी आईची वाट बघत बसतील, तर त्याला छबूबाई काय करणार? दुष्काळ तिने थोडाच पाडला होता?

दाराकडच्या पाटावर फौजी भाकरीचा शेवटचा तुकडा मोडत होता. एकटा. सावकाश.

छबूबाईने तांब्या न पिताच खाली ठेवला. पितळी वाटी उचलली. डाव्या हाताने वाजवायची असते, हे तिला ठाऊक असूनही तिने ती उजव्या, सुजलेल्या हाताने उचलली. ज्या हाताची गोष्ट होती, त्यानेच बोलावं. पहिला टोला नीट पडलाच नाही. दुसरा पडला.

टक्.

"खांबाला एक वाढ!" बन्सी झरोक्यात ओरडला. ओरडताना त्याचा आवाज फाटला.

पलीकडची थाप थांबली. घुमट एकदम रिकामा झाला. टपटप्याने मान वर केली. भिंतीपलीकडे चांगुणाचे हात पिठावर तसेच राहिलेत, हे तिला न बघताही दिसत होतं. मग एक थाप पडली. मग दुसरी. मग भाकरी फिरू लागली.

दुसरी भाकरी तिने सगळी खाल्ली. कणही ठेवला नाही. जेवण झाल्यावर ती ताट उचलून पाण्याच्या हाताने पाटापुढची जागा पुसायला वाकली, तेव्हा बन्सीने तिच्या हातातून ताट काढून घेतलं. "गिऱ्हाईकानं ताट उचलायचं नसतं मावशी."

अण्णा पुढे आला. त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं, पण इथे तुळई नव्हती.

"अण्णा," छबूबाईच म्हणाली, "तिला आधनासाठी येगळा हंडा द्या. त्यो कोपऱ्यातला द्या, लौकर तापतोय. पोरींना वरच्या जिन्याखाली निजू द्या. आन त्या फौजीदादाला रोज तव्यावरची. तळाची द्यायची न्हाई कुनालाच."

"मावशी, तुमी..."

"माजं झालं," ती म्हणाली. "पोट भरून झालं."

गिऱ्हाईक पुढच्या दाराने जातं. सराईचा मोठा दरवाजा दसऱ्यालाच उघडत. एरवी येणं-जाणं त्याच्या पोटातल्या लहान दारातून, दिंडीतून. अण्णा अडसराला हात घालू लागला, तर छबूबाई म्हणाली, "असू द्या. वाकायला येतंय मला." दिंडीतून वाकून ती बाहेर पडली आणि पाय भाजले तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की चपला मागे राहिल्या.

आतूनही जाता आलं असतं. पण ते स्वयंपाकघर आता दुसरीचं होतं. कामाच्या वेळी दुसरीच्या चुलीशी जाऊ नये. ती सराईच्या भिंतीला धरून, वीतभर सावलीतून, बोळाने वळसा घालून मागच्या दाराशी आली. आत चांगुणाची पाठ दिसत होती. थाप चालू होती, आणि इथून तो नुसता पिठावर हात पडल्याचा आवाज होता.

छबूबाईने कोनाड्यातून आपल्या चपला काढल्या आणि पायात घातल्या. उंबऱ्याबाहेर चांगुणाच्या टायरच्या चपला उन्हात पडल्या होत्या. हात लावला तर तापून तव्यासारख्या झालेल्या. तिने त्या पदराने धरून उचलल्या, झटकल्या, आणि सावलीत, कोनाड्यात, जोडीने नीट ठेवल्या.

मग ती स्टँडकडे निघाली. नेवाशाची गाडी तीन वाजता होती.